आधी कागद दाखव
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझे अब्बा अर्जनवीस होते. कंधारच्या तहसील कचेरीबाहेर कडुनिंबाच्या सावलीत एक लाकडी पेटी, तिला उतरतं झाकण, शेजारी मातीची सुरई आणि दोन दौती, एवढंच त्यांचं दुकान. त्यांच्या शाळेची पहिली वर्षं निजामाच्या अमलात उर्दूतून गेली. १९४८ च्या सप्टेंबरात संस्थान भारतात सामील झालं, कचेरीची भाषा हळूहळू बदलली आणि अब्बा मराठी लिहायला शिकले. त्यामुळं दोन्ही काळांचे कागद त्यांना वाचता येत. आजूबाजूच्या तीस-चाळीस गावांचे सर्वे नंबर, कुणाची जमीन इनामी, कुणाची कुळाची, कुठल्या विहिरीत कुणाचा किती हिस्सा, हे सारं त्यांना तोंडपाठ होतं. लोक म्हणायचे, दफ्तर एक वेळ चुकेल, चाचा चुकणार नाहीत.

चाचा चुकले. मी तेव्हा चौथी-पाचवीत असेन. मन्याड नदीपलीकडच्या एका वाडीचा शेतकरी विहिरीच्या कर्जाचा अर्ज लिहून घ्यायला आला होता. सात-बारा घरी विसरला होता. पुन्हा जाऊन यायचं म्हणजे दिवस मोडणार, म्हणून अब्बांनी नंबर मनातून घातला. नंबर बरोबर होता, पण जुना. त्या वाडीत एकत्रीकरण होऊन सर्वे नंबर गेले होते आणि गट नंबर आले होते. अर्ज परत आला. दुरुस्ती होऊन पुन्हा दाखल होईपर्यंत मृग निघाला. विहीर उन्हाळ्यात खोदतात, पावसाळ्यात नव्हे. त्या माणसाचं एक वर्ष गेलं. तो भांडला नाही, उलट पुढच्या वर्षी पुन्हा आमच्याचकडे आला. अब्बांना ते जास्त लागलं. त्यानंतर त्यांच्या तोंडी एक वाक्य बसलं. कुणी काही विचारलं आणि उत्तर माहीत असलं, तरी ते आधी म्हणत, "कागद दाखव."

हे सगळं आठवायला कारण झाला माझा भाचा. तो पुण्याला सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहे. रमजानात घरी येतो, पण काम काही सुटत नाही. माडीवर लॅपटॉप उघडून बसतो. दोन वर्षांपूर्वी तो बाजार समित्यांमधली सोयाबीन आणि कापसाची रोजची आवक आणि भाव एकाखाली एक जोडणारा प्रोग्रॅम लिहीत होता. हल्ली ही पोरं सगळं स्वतः लिहीत नाहीत. पडद्यावर शेजारी एक कृत्रिम बुद्धिमत्तेचा मदतनीस असतो. त्याला साध्या भाषेत सांगायचं, तो प्रोग्रॅमच्या ओळी लिहून देतो. भाच्यानं सांगितलं, मदतनिसानं झरझर लिहून दिलं. भाच्यानं ते चालवून पाहिलं तर यंत्र म्हणालं, असली आज्ञा मला ठाऊकच नाही. भाचा हसला आणि आमच्या घरच्या दखनीत म्हणाला, "मामू, ये रट्टा मारके बोल रा, देखके नै."

मी विचारलं, म्हणजे काय? त्यानं समजावलं ते असं. पायथन नावाच्या भाषेत तक्ते हाताळायला पांडाज नावाची एक लायब्ररी आहे. तीत एका तक्त्याच्या शेपटाला दुसरा जोडायची 'अपेंड' नावाची सोय होती. वर्षानुवर्षं लोकांनी ती वापरली. मग २०२२ च्या जानेवारीत आलेल्या १.४ या आवृत्तीत सूचना लागली, की ही सोय आता बंद होणार. २०२३ च्या एप्रिलमध्ये २.० आली आणि तिच्यातून ती काढूनच टाकली. तिच्या जागी 'कॉन्कॅट' वापरायचं. मदतनीस मात्र ज्या लिखाणावर शिकला होता, त्यात 'अपेंड'ची उदाहरणं हजारोंनी होती. त्यानं पाठांतरातून उत्तर दिलं.

नंबर बरोबर होता, पण जुना.

आता 'लायब्ररी' या शब्दापाशी थोडं थांबावं लागेल. माझ्यासारख्या बी.ए. झालेल्या आणि कविता लिहिणाऱ्या माणसाला लायब्ररी म्हटलं की वाचनालयच दिसतं, पंख्याखाली फडफडणारी वर्तमानपत्रं आणि परत न आलेल्या कादंबऱ्यांची यादी. सॉफ्टवेअरमधली लायब्ररी वेगळी. ती म्हणजे दुसऱ्या कुणीतरी लिहून ठेवलेल्या तयार कामांचा संच. भागाकार, तारखेचा हिशेब, तक्ता जोडणं, प्रत्येकानं पुन्हा का लिहायचं? एकानं लिहावं, बाकीच्यांनी वापरावं.

गंमत अशी की, सुरुवातीला ही लायब्ररी खरोखरच कपाटात होती. इंग्लंडमधल्या केंब्रिज विद्यापीठात १९४९ च्या मे महिन्यात 'एडसॅक' नावाचा संगणक पहिल्यांदा चालला. त्याला आज्ञा द्यायच्या त्या भोकं पाडलेल्या कागदी फितीवरून. नेहमी लागणाऱ्या कामांच्या फिती तयार करून त्यांनी एका पोलादी कपाटात लावून ठेवल्या. ज्याला हवी त्यानं ती फीत काढावी, तिची नक्कल आपल्या फितीवर उतरवावी आणि मूळ फीत जागेवर ठेवावी. १९५१ पर्यंत त्या कपाटात अशी ८७ कामं जमली होती. त्याच वर्षी मॉरिस विल्क्स, डेव्हिड व्हीलर आणि स्टॅन्ली गिल या तिघांनी पुस्तक छापलं. कुठली फीत काय करते, तिला काय द्यायचं, ती काय परत देते, हे सगळं त्यात मांडलेलं होतं. फिती कपाटात होत्या, पण पुस्तक नसतं तर त्यांचा उपयोग ज्यांनी त्या पाडल्या त्यांनाच झाला असता. तिथून पुढं कार्यक्रम लिहिणाऱ्यांच्या जगात दोन गोष्टी जोडीनं चालत आल्या. एक काम, आणि दुसरी त्या कामाची माहितीपुस्तिका. तिला ते 'डॉक्युमेंटेशन' म्हणतात. अब्बा दफ्तर म्हणाले असते.

दफ्तर नुसतं असून भागत नाही, हे आपल्याकडं वेगळं सांगायला नको. पुण्याच्या पेशवे दफ्तरात कापडी रुमालांत बांधलेले कागदांचे गठ्ठे रचून पडले होते. संशोधकांना बराच काळ ते सहज उघडं नव्हतं, आणि उघडं असतं तरी त्या रानात कुणी काय शोधावं? बडोद्याच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या गोविंद सखाराम सरदेसाई यांनी सर जदुनाथ सरकारांच्या पाठबळावर १९३० पासून त्यातले निवडक कागद छापायला घेतले आणि १९३४ पर्यंत ४५ भाग काढले. तेव्हा कुठं घरी बसलेल्या अभ्यासकाला त्या कागदांना हात लावता आला. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ज्ञानकोशाचे २३ खंड १९२० च्या दशकात पुरे केले, तर त्यातला एक अख्खा खंड निव्वळ सूचीचा. पैशाची एवढी ओढाताण असताना सूचीवर खंड खर्ची घालणारा माणूस व्यवहारशून्य होता असं कुणी म्हणेल. मला तो सगळ्यांत व्यवहारी वाटतो.

आणि शंकर गणेश दाते. मराठी वाचकानं हे नाव विसरू नये. १८०० पासून १९३७ पर्यंत छापलेल्या मराठी ग्रंथांची विषयवार सूची त्यांनी १९४३ मध्ये काढली. पुढच्या १९५० पर्यंतच्या ग्रंथांचा भाग १९६१ मध्ये आला. आज कुणीही मराठीच्या जुन्या पुस्तकांबद्दल काही शोधायला लागतो, तो दात्यांच्या खांद्यावरून पाहतो, त्याला ठाऊक असो वा नसो. सूचीकाराचं असंच असतं. त्याचं नाव उत्तरात येत नाही, त्याच्यामुळं उत्तर येतं.

संगणकवाल्यांचीही सूची हीच गोष्ट. अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी 'युनिक्स' नावाची प्रणाली उभी केली. तिची पहिली माहितीपुस्तिका ३ नोव्हेंबर १९७१ ची आहे. प्रत्येक आज्ञेला एक पान, पानावर ठरलेले मथळे. नाव, वापरायची रीत, वर्णन. आणि एक मथळा, जो मला फार आवडला, तो म्हणजे दोष. ही आज्ञा कुठं कुठं चुकते, ते तिच्याच पानावर तिच्याच कर्त्यानं लिहून ठेवायचं! आपल्या किती सरकारी पत्रकांवर 'यातल्या उणिवा' असा रकाना असतो, हे ज्याचं त्यानं आठवावं.

पुढच्या काळात या पुस्तिकेला एक वेगळीच सूची जोडलेली असे. तिचं मूळ आयबीएम कंपनीतल्या हान्स पीटर लून यांच्याकडं जातं. हा जर्मनीत जन्मलेला माणूस आधी कापडधंद्यात होता. कापडातले धागे मोजायचं साधन त्यानं काढलं होतं. तुमच्या बँकेच्या कार्डाच्या आकड्यांत शेवटचा आकडा बाकीच्यांची तपासणी करतो, ती युक्तीही त्याचीच. १९५० च्या दशकाअखेर त्यानं शीर्षकांची फिरती सूची बनवली. समजा, एका कागदाचं शीर्षक आहे 'विहिरीच्या पाण्याची वाटणी'. साध्या सूचीत ते 'व' खाली सापडेल. लूनच्या सूचीत ते विहिरीखालीही सापडेल, पाण्याखालीही आणि वाटणीखालीही. माणसाला कुठला शब्द आठवेल हे सूचीकाराला माहीत नसतं, म्हणून सगळ्या दारांशी पाटी लावून ठेवायची. १९७२ मध्ये केंब्रिजच्याच कॅरन स्पार्क जोन्स या बाईंनी त्यात मोलाची भर घातली. त्यांचं म्हणणं, जो शब्द सगळ्याच कागदांत येतो, त्याचा शोधायला उपयोग नाही. जो थोड्याच कागदांत येतो, त्याला वजन द्या. 'जमीन' शोधाल तर सगळं तहसील दफ्तर अंगावर येईल. 'कोतवालाची विहीर' शोधाल तर दोन कागद हाती येतील, आणि तेच हवे असतील. आज तुम्ही मोबाईलवर काहीही शोधता, त्याच्या तळाशी कुठंतरी या बाईंचा हा हिशेब असतो.

म्हणजे दफ्तरही होतं आणि सूचीही होती. मग मदतनीस रट्टा मारून का बोलतो?

याचं उत्तर मला तरावीहच्या नमाजात मिळालं. रमजानच्या रात्री तरावीहमध्ये हाफिज साहेब पूर्ण कुराण पाठ म्हणतात. समोर पुस्तक नसतं. माझा लहानपणाचा एक दोस्त हाफिज आहे. तो सांगतो, विसरण्याची भीती कमी, घसरण्याची जास्त. कारण कुराणात एकसारख्या सुरू होणाऱ्या, दोन-चार शब्दांनी वेगळ्या होणाऱ्या आयती आहेत. एका सूऱ्यात म्हणता म्हणता जीभ दुसऱ्या सूऱ्याच्या वळणावर जाते. आवाज तोच, लय तीच, थांबणं नाही की अडखळणं नाही, आणि ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नाही. म्हणून त्यांच्या मागं पहिल्या ओळीत दुसरा एक हाफिज उभा करतात. त्याला सामे म्हणतात, म्हणजे ऐकणारा. पुढचा घसरला की तो मागून बरोबर शब्द उचलून देतो. याला आमच्यात म्हणतात लुकमा देणं. लुकमा म्हणजे घास. घास मिळाला की पुढचा हाफिज न रागावता, न लाजता तिथूनच पुढं म्हणू लागतो.

हे भाषेचे यंत्र-मदतनीस म्हणजे मागं सामे नसलेले हाफिज. तेही नुसत्या नावालाच हाफिज, कारण खऱ्या हाफिजासारखं शब्दन् शब्द त्यांना पाठ नसतं. अमाप मजकूर वाचून कुठल्या शब्दामागं कुठला शब्द येतो याची सवय त्यांना जडलेली असते. सवयीनं बोलणारा अडखळत नाही, हीच पंचाईत. ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी लोकांसमोर आलं. आठवडाही झाला नव्हता, तोच 'स्टॅक ओव्हरफ्लो' या प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या प्रश्नोत्तरांच्या ठिकाणानं त्याची उत्तरं तिथं टाकायला बंदी केली. कारण त्यांनी स्पष्ट दिलं होतं. उत्तरं चुकीची निघण्याचं प्रमाण मोठं, आणि दिसायला मात्र ती चांगली.

चूक दिसली तर बरं. कधी कधी ती दिसतच नाही. अमेरिकेतल्या काही विद्यापीठांच्या संशोधकांनी १६ मदतनिसांकडून ५ लाख ७६ हजार नमुने लिहवून घेतले. त्यांत सुचवलेल्या लायब्रऱ्यांपैकी जवळपास पाचवा हिस्सा मुळात अस्तित्वातच नव्हता. नावं मात्र अगदी खरी वाटावीत अशी. आता कुणी लबाडानं त्यातलं एखादं नाव उचललं, त्या नावाची लायब्ररी खरोखरच टाकून ठेवली आणि तिच्यात विष भरलं, तर? नसलेल्या गट नंबरचं खरेदीखत आधी तयार करायचं आणि गिऱ्हाईकाची वाट बघायची, हा प्रकार आपल्याकडं अगदीच अनोळखी नाही.

यावर उपाय निघाला तो अब्बांचाच. आधी कागद दाखव. २०२० मध्ये पॅट्रिक लुईस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक शोधनिबंध लिहिला. त्याचा सारांश माझ्या भाषेत सांगायचा तर असा : मदतनिसाला प्रश्न एकटा देऊ नका. आधी दफ्तरात शोध घ्या, प्रश्नाशी जुळणारी चार-सहा पानं काढा आणि ती प्रश्नासोबत त्याच्या हाती द्या. मग तो बोलेल ते पान बघून बोलेल. ऐकायला हे किती सोपं वाटतं! पण त्यात अडचणी होत्या. दफ्तर पूर्ण देता येत नाही, कारण मदतनिसाच्या नजरेपुढं एका वेळी ठरावीकच मजकूर मावतो. म्हणून पानांचे तुकडे करायचे. तुकडा फार लहान झाला तर अर्थ तुटतो, फार मोठा झाला तर जागा खातो. शिवाय नुसता शब्द जुळवून भागत नाही. विचारणारा 'जोडणे' म्हणतो आणि पानावर 'एकत्र करणे' लिहिलेलं असतं. तेव्हा शब्दाऐवजी अर्थाची जवळीक आकड्यांत मोजायची रीत आली. एका अर्थाचे तुकडे आकड्यांच्या नकाशावर शेजारी शेजारी बसतात. तरी अनुभव असा की, नेमकं नाव शोधायचं असेल तर स्पार्क जोन्सबाईंचा जुना हिशेबच कामी येतो. म्हणून शहाणे लोक दोन्ही वापरतात.

दुसरी अडचण दाराची. लायब्रऱ्यांची माहितीपानं माणसाच्या डोळ्यांसाठी सजवलेली. वर पट्ट्या, बाजूला याद्या, मध्ये जाहिरात. यंत्राला त्या पसाऱ्यातून मजकूर वेचावा लागतो. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये जेरेमी हॉवर्ड यांनी सुचवलं, की प्रत्येक संकेतस्थळानं दाराशी एक साधी मजकुराची यादी ठेवावी. कुठलं पान कशाचं, एवढंच तीत असावं. पुन्हा सूचीच! त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात अँथ्रॉपिक या कंपनीनं एक ठरलेली रीत जाहीर केली आणि ती सर्वांना खुली ठेवली. त्याआधी प्रत्येक मदतनीस प्रत्येक दफ्तराला वेगळ्या तारेनं जोडावा लागे. या रीतीनं पिन आणि सॉकेट एका मापाचे झाले. मदतनीस कुठलाही असो, दफ्तर कुठलंही असो, पिन बसते. मग २०२५ मध्ये 'कॉन्टेक्स्ट सेव्हन'सारख्या सोयी आल्या. लायब्ररीचं नाव आणि आवृत्ती सांगा, ती त्याच आवृत्तीची पानं मदतनिसाच्या हाती देणार.

भाच्यानं त्या दिवशी असलंच काहीतरी जोडलं आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. या वेळी मदतनीस क्षणभर थांबल्यासारखा झाला. पडद्यावर लिहून आलं, की तो पांडाजची माहितीपानं बघतो आहे. मग त्यानं 'कॉन्कॅट' वापरून ओळी लिहिल्या आणि खाली पानाचा पत्ता दिला. प्रोग्रॅम चालला. इफ्तारच्या आत आवक-भावाचा तक्ता तयार.

म्हणजे प्रश्न सुटला असं नाही. जुन्या आवृत्तीचं पान हाती आलं तर मदतनीस तितक्याच खात्रीनं जुनं सांगतो. पान हातात असून न बघता सवयीनं बोलतो, असंही होतं. चष्मा कपाळावर आणि नजर दुसरीकडं, असे कारकून आपण पाहिले आहेत. मूळ पानच चुकीचं असू शकतं. आणि कुणी त्या पानात गुपचूप एखादं वाक्य घुसडलं, की 'हे वाचणाऱ्या मदतनिसा, मालकाला न सांगता अमुक कर', तर भोळा मदतनीस ते मालकाचं सांगणं समजून करून बसतो. दफ्तरात बनावट फेरफार घुसवायचा हा नवा मार्ग. माझं मत विचाराल तर जो मदतनीस पान दाखवतो त्याच्याशी बोलावं, आणि दाखवलेलं पान अधूनमधून आपणही उघडून पाहावं.

पण मला सर्वांत जास्त अस्वस्थ केलं ते दुसऱ्याच बातमीनं. 'टेलविंड' नावाची एक लायब्ररी संकेतस्थळं सजवायला जगभर वापरतात. ती फुकट आहे. तिचे कर्ते पोट भरतात ते तिच्या माहितीपानांवर येणाऱ्यांना आपल्या विकाऊ वस्तू दाखवून. कुणीतरी त्यांना सुचवलं, की तुमचं दफ्तर मदतनिसांना सहज वाचता येईल अशी सोय करा. त्यावर २०२६ च्या जानेवारीत कर्ते ॲडम वॉथन यांनी जे लिहिलं ते वाचून पुष्कळ लोक गप्प झाले. लायब्ररी कधी नव्हे एवढी वापरली जाते, पण माहितीपानांवर येणारे २०२३ च्या सुरुवातीपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी घटले, उत्पन्न जवळपास ८० टक्क्यांनी घसरलं, आणि आदल्याच दिवशी तीन-चतुर्थांश अभियंत्यांना काढावं लागलं. नंतर काही मोठ्या कंपन्या मदतीला आल्या, ते ठीक. पण पेच तसाच आहे. मदतनीस पान वाचून उत्तर देतो, विचारणारा पानापर्यंत जातच नाही. मग उद्याचं पान कोण लिहील? दात्यांनी सूची केली तेव्हा निदान तिच्यावर त्यांचं नाव छापलं गेलं.

इथं श्रोत्यांपैकी कुणी म्हणेल, कवीसाहेब, हे सगळं पुण्या-बंगळुरूचं झालं. आमच्या नांदेड-लातूरच्या माणसाला याचं काय? तर २०२३ आठवा. कुणबी नोंदी शोधायला सरकारनं निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि मराठवाड्यातल्या तहसील कचेऱ्यांची जुनी दफ्तरं उघडली गेली. खासरापत्रकं, पाहणीपत्रकं, जन्म-मृत्यूच्या नोंदी, शाळांची रजिस्टरं. कुठं मोडी, कुठं उर्दू. कागद होते. ते वाचणारे शोधत फिरावं लागलं. त्या नोंदींवरून काय ठरावं हा माझा विषय नाही. पण एका ओळीवर मुलाचं शिक्षण आणि नोकरी अवलंबून असलेली माणसं हातात उर्दू कागदाची झेरॉक्स घेऊन माझ्या ओट्यावर येऊन बसत होती, ते मी पाहिलं आहे. मी शायर माणूस. शिकस्ता वळणाचं घसटून लिहिलेलं उर्दू मलाही पहिल्या नजरेत लागत नाही. अब्बा असते तर चहा निवायच्या आत वाचलं असतं. आमच्या किल्ल्यात फारसी शिलालेख आहेत. लहानपणी आम्ही पोरं त्या दगडांना पाठ टेकून बोरं खायचो. अक्षराला पाठ टेकता येते, तेवढ्यानं ते वाचलं जात नाही.

अब्बा गेल्यावर त्यांच्या पेटीत एक वही सापडली होती. विहिरीवाल्या शेतकऱ्याचा अर्ज परत आला, त्यानंतर त्यांनी ती सुरू केली असावी. प्रत्येक पानावर गावाचं नाव, उजवीकडं जुना सर्वे नंबर, डावीकडं नवा गट नंबर, उर्दूत लिहितात तसं उजवीकडून. तीस-चाळीस गावांची वही. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी पैसे दिले नव्हते. गेल्या रमजानात भाचा म्हणाला, मामू, हिचे फोटो काढतो, मदतनिसाकडून तक्ता करून घेऊ, म्हणजे कुणीही जुना नंबर घालून नवा शोधू शकेल. पानं पिवळी पडलेली, शाई विटलेली, तरी त्यानं एकेक पान खिडकीशी धरून फोटो काढले. मदतनिसानं वाचायला घेतलं आणि नंबर एकाखाली एक देवनागरीत उतरू लागले. खरं सांगतो, मला भरून आलं.

नदीपलीकडच्या त्या वाडीचं पान आलं. उर्दूत सातचा आकडा म्हणजे खाली टोक, आठचा म्हणजे वर टोक. शाई नेमकी टोकाशीच उडाली होती. मदतनिसानं न अडखळता लिहिलं, अठ्ठेचाळीस. तो नंबर मला माहीत होता. ते शेत आणि ती विहीर मी पाहिली आहे.

भाच्याच्या मागं उभा राहून मी म्हणालो, "आठ नाही बेटा, सात. सत्तेचाळीस कर."

"खात्री, मामू?"

मी वही उचलली, उन्हात धरली आणि पुन्हा एकदा पाहिलं.